भांडत्या घराची जाडजूड कादंबरी एका चातुर्मासात कशी वाचावी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात नळ एक होता आणि चुली दोन. बाबा आणि काका अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. निरोप पोचवायचं काम आम्हा मुलांचं. "काकांना सांग, पाणी आलं." "बाबांना सांग, कळलं." दोघांमध्ये अंतर असायचं ते तुळशीवृंदावनाएवढं.

अशा घरात वाढलेल्या मुलीला भांडत्या घरांच्या कादंबऱ्या जवळच्या वाटायला हव्या होत्या, पण मला त्या वाचवत नव्हत्या. दस्तयेव्हस्कीची 'द ब्रदर्स कारामाझोव' मी तीनदा हातात घेतली आणि तिन्ही वेळा शंभर पानांच्या आत खाली ठेवली. एकदा नावांनी दमवलं, एकदा मठातल्या लांबलचक बोलण्यांनी, आणि तिसऱ्या खेपेला त्यातल्या बापाचा इतका राग आला की पुढे जाववेना. चौथ्यांदा ती आत्याबरोबर वाचली, आषाढी ते कार्तिकी, आणि पुरी झाली. मग ओळखीतल्या पाच-सहा जणांना वाचायला लावली. ती माणसं कुठे अडकली, कुठे परत फिरली, हे जवळून पाहिलं. पुढचं सगळं त्यातून आलं आहे. उदाहरणं याच कादंबरीतली देते, पण पद्धत कुठल्याही भांडत्या घराच्या मोठ्या कादंबरीला चालेल.

गोष्टीची ओळख थोडक्यात. फ्योदोर कारामाझोव हा पैशाला चिकट आणि स्वभावाने बेताल जमीनदार. दोन बायका झाल्या, दोघीही वारल्या. थोरलीचा मुलगा दिमित्री, धाकटीचे इवान आणि अलेक्सेई. तिन्ही मुलांना बाप अक्षरशः विसरला, ती परक्या घरी वाढली, आणि आता मोठी होऊन त्याच गावात आली आहेत. शिवाय स्वयंपाकघरात स्मेर्द्याकोव नावाचा आचारी आहे. तोही फ्योदोरचाच, असं गाव म्हणतं. बापाचा शेवट वाईट होणार हे लेखक पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, त्यामुळे तेवढं मीही सांगते. कोणी केलं, ते सांगणार नाही.

पहिली गोष्ट: प्रत स्वतःची हवी

इंग्रजीत दोन अनुवाद सहज हाती लागतात. एक कॉन्स्टन्स गार्नेट यांचा, १९१२ चा. तो प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. दुसरा रिचर्ड पेव्हिअर आणि लॅरिसा व्होलोखोन्स्की यांचा, १९९० चा. गार्नेटबाईंची भाषा सरळ वाहते. दुसरी जोडी निवेदकाचं अडखळणं आणि लांबण लावणं जास्त राखते. दोन्हींचं पहिलं प्रकरण वाचून बघा, चार-पाचच पानं आहेत. पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी गार्नेट देते.

आम्हा बडोदेकरांना मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचा अभिमान आहे आणि तो असावाच. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं आणि गावोगाव ग्रंथालयं उभी करायला लावली. त्या लायब्ररीतले काचेच्या फरशीचे मजले लहानपणी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी पाय टाकायला घाबरले होते. तरीही ही एक कादंबरी ग्रंथालयातून आणू नका. मुदत संपायची धास्ती डोक्यावर नको, आणि हिच्यावर पेन्सिल चालवायची आहे. अक्षर मात्र नीट बघून घ्या. स्वस्त प्रतींमध्ये टाइप इतका बारीक असतो की चाळिशीपुढचा वाचक डोळ्यांपायी हरतो आणि दोष कादंबरीला देतो.

पोथी लावतात तशी लावा

आजी दर चातुर्मासात पोथी लावायची. श्रीधरांचा 'पांडवप्रताप' चौसष्ट अध्यायांचा, रोज एक. कितीही कामं असोत, संध्याकाळी दिवा लागला की ती वाचायची आणि आम्ही ऐकायचो. तीही भाऊबंदकीचीच गोष्ट. जाडजूड, शेकडो नावांची, वारशावरून पेटलेली. आम्ही मुलांनी ती न कंटाळता ऐकली, कारण ती एका दिवसात संपवायची आहे असं कोणी म्हटलंच नव्हतं.

'कारामाझोव'चीही तीच वाट आहे. बारा खंड आणि शेवटचा उपसंहार, मिळून ९६ प्रकरणं. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, मध्ये अधिक महिना आला नाही तर, साधारण ११८ दिवस होतात. रोज एक प्रकरण म्हटलं तर वीस-बावीस दिवस हाताशी उरतात. त्यातले नऊ गरब्याला गेले. नवरात्रात बडोद्यात रात्री पुस्तक उघडून बसेन म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही, तेव्हा ते आधीच वजा करा. गणपतीचे आणि दिवाळीचे धरा. बाकीचे सहाव्या खंडासाठी राखून ठेवा, ते का ते पुढे येईल.

कादंबरीतला काळही याच महिन्यांतला आहे. गोष्ट ऑगस्टच्या अखेरीला सुरू होते आणि खटला नोव्हेंबरात उभा राहतो. मागची हकिगत सोडली तर पहिल्या नऊ खंडांतल्या घटना चार-पाच दिवसांतच घडतात. म्हणून तिथे घाईने पानं उलटली तर काहीच हाती लागत नाही. एका संध्याकाळची एक खोली, एक भांडण, एक दार, एवढंच त्या दिवशीचं वाचन. पहिल्या वाचकांनाही ती अशी तुकड्यातुकड्यानेच मिळाली. जानेवारी १८७९ ते नोव्हेंबर १८८० या काळात ती 'रशियन मेसेंजर' मासिकात हप्त्यांनी छापून येत होती. तुम्ही चार महिन्यांत वाचलीत तर त्यांच्यापेक्षा कितीतरी लवकर वाचलीत.

वेळ ठरवा, जागाही ठरवा. आमची जागा होती आत्याच्या घरातला झोपाळा, वेळ साडेआठची. पावसाळ्यात विश्वामित्री चढली आणि दोन दिवस दिवे गेले तेव्हासुद्धा आम्ही मेणबत्तीवर एक प्रकरण केलं. आत्या म्हणाली, "पोथीला खाडा नको." तेव्हापासून ती कादंबरीला पोथीच म्हणते.

नावांना घाबरू नका, ती आपल्यासारखीच आहेत

रशियन नाव म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपली रीत तीच! दिमित्री फ्योदोरोविच कारामाझोव म्हणजे फ्योदोरचा दिमित्री. बाईच्या नावात वडिलांचं नाव 'ओव्हना'सारखा शेवट घेऊन येतं. या कादंबरीत आदेलाईदा इवानोव्हना, सोफिया इवानोव्हना आणि कातेरिना इवानोव्हना अशा तिघी भेटतात. पहिल्या दोघी फ्योदोरच्या बायका, तिसरी दिमित्रीची वाग्दत्त वधू. त्या बहिणी नव्हेत. तिघींच्या वडिलांचं नाव इवान, एवढाच त्यांचा संबंध. हे माहीत नसल्यामुळे माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी चाळीस पानं भलत्याच नात्यांत वाचली होती.

खरा घोटाळा होतो तो लाडक्या नावांचा. दिमित्रीचा मित्या होतो, अलेक्सेईचा अल्योशा, कातेरिनाची कात्या, अग्राफेनाची ग्रुशेन्का. यावर मी एकच सांगते: तुमच्या घरातली नावं आठवा. माझे बाबा शेजाऱ्यांचे अण्णा, आत्याचा बाळ, आमचे बाबा. आणि त्या अकरा वर्षांत काकांच्या तोंडी ते होते 'तुमचे वडील'. हाक ऐकूनच तुम्हाला कळतं की आज हवा कशी आहे. कादंबरीतही तसंच आहे. पूर्ण नावाने बोलणारा माणूस मध्येच 'मित्या' म्हणाला, तर तिथे पेन्सिलीने खूण करा. काहीतरी सैल झालं आहे किंवा कोणाला तरी काहीतरी हवं आहे.

एक कागदाची पट्टी कापा, तिच्यावर दहा-बारा मुख्य माणसं आणि त्यांची लाडकी नावं लिहा आणि तीच खूण म्हणून पुस्तकात ठेवा. दहा-बाराच. एकदाच येऊन जाणाऱ्या माणसांची नावं विसरली तरी काही अडत नाही.

वंशवृक्ष काढू नका, चोपडी घाला

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

मोठी कौटुंबिक कादंबरी हाती घेतली की सगळे पहिल्यांदा वंशवृक्ष काढतात. मीही काढला होता. त्याचा फार उपयोग होत नाही. कोण कोणाचा मुलगा हे तर दहा पानांत पाठ होतं. घर मोडतं ते कोणाचं कोणाकडे काय राहिलं यावरून, आणि ते वंशवृक्षात दिसत नाही. आमच्या वाड्यात नातं सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबांच्या आजारपणात कोणी किती खर्च केला, कोण रात्री दवाखान्यात बसलं, कोणाच्या बायकोला पाटल्या मिळाल्या आणि कोणाच्या नाही, हे मात्र प्रत्येकाने आपापल्या मनात वेगवेगळं लिहून ठेवलं होतं. दोन वह्या कधी जुळल्या नाहीत.

म्हणून एक चोपडी आणा. दिवाळीला दुकानदार पूजतात तसली, लाल कापडी बांधणीची मिळाली तर फारच छान. पानावर चार रकाने आखा: कोणाचं येणं, कोणाकडे, काय, आणि कितव्या प्रकरणात. 'काय' या रकान्यात तीन प्रकारच्या नोंदी येतात: पैसा, माया आणि अपमान. रोजचं प्रकरण संपलं की पाच मिनिटांत नोंद करायची. काही नसेल तर तारीख घालून रेघ मारायची.

आमच्या चोपडीतल्या सुरुवातीच्या काही नोंदी अशा:

- दिमित्रीचं, फ्योदोरकडे. पैसा. आईच्या वाट्याची मिळकत. बाप म्हणतो, थोडे थोडे करून सगळे दिले, उलट तूच देणं लागतोस.
- दिमित्रीचं, फ्योदोरकडे. माया. आई निघून गेली तेव्हा मूल तीन वर्षांचं होतं. बापाला त्याची आठवणच राहिली नाही, नोकर ग्रिगोरीने आपल्या खोपटात सांभाळलं.
- इवानचं, कोणाकडे ते कळत नाही. आपण परक्याच्या उपकारावर वाढतो आहोत हे त्याला फार लहानपणी कळलं. मागत काहीच नाही.
- स्नेगिर्योवचं, दिमित्रीकडे. अपमान. दिमित्रीने त्याला दाढी धरून खाणावळीतून रस्त्यावर ओढलं. त्याच्या लहान मुलादेखत.
- स्मेर्द्याकोवचं. (कोरं.)

शेवटची ओळ आत्याच्या हातची आहे. ती म्हणाली, याचं नाव लिहून ठेवू, काय येणं आहे ते पुढे कळेल. त्या कोऱ्या जागेने मला पुढची पाचशे पानं स्वस्थ बसू दिलं नाही. आचारी चहा घेऊन आत आला, दाराशी उभा राहिला, काहीतरी पुटपुटला, की मी सावध व्हायचे. तिसऱ्या खंडात ग्रिगोरीच्या घरची हकिगत येते. सहा बोटांचं स्वतःचं मूल पुरून आलेल्या दिवशीच रात्री अंगणातल्या न्हाणीघरात त्याला एक बाई आणि नुकतं जन्मलेलं बाळ सापडतं. ते प्रकरण वाचाल त्या दिवशी या ओळीकडे पुन्हा या.

चोपडीचा खरा कस लागतो तो चौथ्या खंडात. स्नेगिर्योव हा कफल्लक माजी कॅप्टन. घरी आजारी बायको, अपंग मुलगी, शाळेत पोरांच्या दगडांना एकटा तोंड देणारा मुलगा. दिमित्रीने केलेल्या अपमानाची भरपाई म्हणून कातेरिना इवानोव्हना अल्योशाच्या हाती दोनशे रूबल पाठवते. पैसे पाहून तो हरखतो. औषधं, घोडागाडी, दुसऱ्या गावी बिऱ्हाड, सगळं भराभर बोलून दाखवतो. आणि मग त्या नोटा चुरगाळून वाळूत टाकतो आणि पायाखाली तुडवतो. माझ्या एका मैत्रिणीने हे वाचून विचारलं, "वेडा आहे का? घरात खायला नाही!" तिला म्हटलं, चोपडी उघड. येणं कुठल्या रकान्यात आहे? अपमानाच्या. आलं काय? पैसा. ती बराच वेळ पानाकडे बघत बसली. पुढे ती हीच नजर इतर प्रकरणांना लावायला लागली आणि मला विचारायची थांबली.

पैशाच्या नोंदींत एक खबरदारी घ्या. तीन हजार रूबल हा आकडा या कादंबरीत पुन्हा पुन्हा येतो. बाप आणि दिमित्री दोघेही जिच्या मागे आहेत त्या ग्रुशेन्कासाठी फ्योदोरने पाकिटात घालून ठेवलेले तीन हजार, दिमित्रीच्या हिशेबाने बापाकडून येणारे तीन हजार, आणि कातेरिनाने त्याच्याकडे सोपवलेले तीन हजार. प्रत्येक वेळी वेगळी ओळ घाला, कोण सांगतं आहे तेही लिहा. शेवटी भर कोर्टात याच आकड्याची ओढाताण होणार आहे, आणि ज्याने नोंदी नीट ठेवल्या त्याला तिथे एकेक शब्द ऐकू येतो.

तू की तुम्ही

ही युक्ती मराठी वाचकाकडे आयती आहे. रशियनमध्ये आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' आहे. इंग्रजीत दोन्हींचं एकच होतं आणि नात्यातली धार बोथट होते. म्हणून भांडणाचा प्रसंग आला की तो मोठ्याने, मनातल्या मनात मराठी करत वाचा. दिमित्री बापाला काय म्हणेल? 'अहो बाबा' की 'अरे'? कातेरिना दिमित्रीला 'तुम्ही' म्हणताना आवाज कसा लावेल? तुमचं उत्तर मूळ रशियनशी दर वेळी जुळेलच असं नाही. पण उत्तर ठरवायला म्हणून तुम्हाला त्या माणसांच्या मधोमध उभं राहावं लागतं.

आम्ही रविवारी चार जण जमलो की पात्रं वाटून घ्यायचो. एक गुजराती मैत्रीण फ्योदोरची वाक्यं गुजरातीतून बोलायची, बाकीचे मराठीतून. बडोद्यातल्या भांडणांची तीच भाषा आहे.

जिथे लोक सोडून देतात त्या तीन जागा

पहिली जागा दुसऱ्या खंडात, मठातली. बाप आणि मुलं पैशाचा वाद मिटवायला झोसिमा नावाच्या वृद्ध साधूकडे जमतात. इथे चर्चा खूप आहेत. चर्च आणि कोर्ट यांच्यावरची चर्चा जड वाटली तर भरभर वाचून पुढे जा, मी त्याबद्दल दोष देणार नाही. तिसरं प्रकरण मात्र सावकाश वाचा. खेड्यातली एक बाई साधूपुढे मेलेल्या मुलासाठी रडते. मूल तीन वर्षांचं व्हायला तीन महिने कमी होते, नाव अलेक्सेई. लेखकाचा स्वतःचा मुलगा अल्योशा १८७८ च्या मे महिन्यात, तीन वर्षांचा होण्याआधीच, फेफऱ्याने गेला होता. त्या बाईला मुलाच्या पावलांचा आवाज एकदाच ऐकायचा आहे. आत्याने ते पान मला वाचू दिलं नाही, पुस्तक माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं.

दुसरी जागा पाचवा खंड. इवान आणि अल्योशा, मोठेपणी जवळजवळ अनोळखी असलेले भाऊ, खाणावळीत बसून बोलतात. तिसरं, चौथं आणि पाचवं प्रकरण सलग एका बैठकीत घ्या, सुट्टीचा दिवस बघून. चौथ्यात लहान मुलांवरच्या क्रौर्याच्या हकिगती आहेत. त्या रात्री झोपताना वाचू नका. पाचव्या प्रकरणाची ख्याती मोठी आहे. सोळाव्या शतकातलं सेव्हिल, धर्मन्यायालय, म्हातारा न्यायाधीश. नवा वाचक इथे ख्रिस्ती धर्माचा अभ्यास नाही म्हणून बिचकतो. तुम्ही एवढंच धरून ठेवा: मोठा भाऊ धाकट्याला स्वतः रचलेली गोष्ट सांगतो आहे, कारण जे बोलायचं आहे ते त्याला सरळ बोलता येत नाही. धाकटा ऐकून काय करतो, ते बघा.

तिसरी जागा सहावा खंड. त्यात प्रकरणं तीनच, पण मोठी. दुसऱ्याचे चार आणि तिसऱ्याचे पाच पोटभाग आहेत. रोज एक पोटभाग घ्या, त्यासाठीच ते दिवस राखायला सांगितले होते. गोष्ट ऐन रंगात असताना साधूचं चरित्र आणि उपदेश मध्ये येतो, म्हणून पुष्कळ जण हा खंड गाळतात. गाळू नका, असं मी अगदी आग्रहाने सांगते. इथे झोसिमाचा मोठा भाऊ मार्केल भेटतो. सतरा वर्षांचा, क्षयाने मरायला टेकलेला. तो आईला सांगतो की आपल्यातला प्रत्येक जण सगळ्यांपुढे सगळ्यासाठी दोषी आहे, आणि मी सर्वांत जास्त. त्या संध्याकाळी चोपडीत नोंद कशी करायची, यावर आत्या आणि मी अडलो. येणं कोणाचं? कोणाकडे? मार्केलने सगळ्या ओळी उलट्या करून स्वतःच्या नावावर लिहून टाकल्या होत्या. शेवटी आम्ही ते पान कोरं सोडलं आणि वर फक्त त्याचं नाव लिहिलं. पुढे चोपडी चाळताना मी त्या पानाशी दर वेळी थांबते.

स्वतःचं घर मध्ये आलं तर

येणारच. तिसऱ्या खंडात दिमित्री घरात घुसून म्हाताऱ्या बापाला खाली पाडतो आणि लाथा मारतो. ते वाचून आत्याने पुस्तक मिटलं आणि वाड्याच्या जिन्यावर एकदा काय झालं होतं ते मला सांगितलं. मला ते आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस आम्ही पोथी उघडली नाही. पोथीला खाडा नको म्हणणाऱ्या आत्यानेच तो खाडा केला, आणि तो करायलाच हवा होता.

अशा वेळी समासात एक 'घ' काढा, घराचा. बस, त्या दिवशी तेवढंच. कोणाशी बोलावंसं वाटलं तर बोला, पण ज्यांनी त्या घरात दिवस काढले अशा माणसाशी, पटकन सल्ला देणाऱ्याशी नको.

एक चूक मात्र टाळा, ती मी तिसऱ्या खेपेला केली होती. 'हा फ्योदोर म्हणजे आमचे अमुक' असं सुरुवातीलाच ठरवू नका. एकदा ठरवलं की कादंबरीतला माणूस हलायचा थांबतो. तुम्ही त्याच्यावर तुमचा जुना राग काढत बसता आणि लेखकाने त्याला दिलेलं रडणं, विनोद, भीती काही दिसत नाही. फ्योदोर निर्लज्ज आहे, पण तो रात्री घाबरतोही. कोणीतरी जिवाभावाचं माणूस जवळपास झोपलेलं असावं असं त्याला वाटतं. हे मला चौथ्या वाचनात दिसलं. 'घ' काढत जा, तुलना शेवटानंतर करा.

खटला वाचताना बडोदं आठवा

बारावा खंड हा खटल्याचा, चौदा प्रकरणांचा. दोन वकील त्याच पुराव्यांवरून दोन वेगळी माणसं उभी करतात. इथे वाचक दमतो, कारण घडलेलं सगळं त्याला माहीत असतं. मी त्याला आपल्या गावची हकिगत सांगते.

खंडेराव महाराजांनी १८६३ मध्ये सख्ख्या भावाला, मल्हाररावांना, आपल्याविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून पाद्रा गावी कैदेत टाकलं. १८७० मध्ये खंडेराव वारले आणि कैदेतले मल्हारराव गादीवर आले. १८७४ च्या नोव्हेंबरात रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आळ मल्हाररावांवर आला. १८७५ मध्ये इथेच बडोद्यात आयोग बसला. सहा सभासद, तीन इंग्रज, तीन भारतीय. सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित बॅरिस्टर मल्हाररावांच्या बचावाला विलायतेहून आले. तेच साक्षीदार, तेच सरबत. तिन्ही इंग्रजांच्या मते आरोप शाबीत, तिन्ही भारतीयांच्या मते नाही. मल्हाररावांना शेवटी गैरकारभारासाठी म्हणून गादीवरून काढलं आणि मद्रासला पाठवलं. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी कवळाण्याच्या एका मुलाला दत्तक घेतलं. तेच आपले सयाजीराव.

हे ऐकलं की बडोदेकर वाचक बाराव्या खंडात खुर्ची पुढे ओढून बसतो. मग काम सोपं आहे. चोपडीच्या नव्या पानावर दोन रकाने करा, सरकारी वकिलाचा आणि बचावाच्या वकिलाचा. तुमच्या जुन्या नोंदी एकेक करून तपासा: ही नोंद या वकिलाने कशी वापरली, त्या वकिलाने कशी वापरली, आणि कोणती नोंद दोघांनाही माहीतच नाही? शेवटच्या प्रकारच्या नोंदी आमच्याकडे सात निघाल्या. वकिलांची भाषणं लांब आहेत, ती दोन दिवसांत विभागा.

संपवताना

उपसंहाराची तीन प्रकरणं एकाच दिवशी घ्या, कार्तिकीला साधलं तर उत्तम. शेवटच्या प्रकरणात शाळकरी पोरं आहेत. ते मोठ्याने वाचा, घरात मुलं असतील तर त्यांना जवळ बसवून.

आणि पुस्तक कपाटात ठेवण्याआधी, त्याच संध्याकाळी, पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. चार-पाच पानं फक्त. मग चोपडीचं पहिलं पान काढा आणि चुकलेल्या नोंदी खोडा. आम्ही इवानच्या ओळीत 'मागत काहीच नाही' लिहिलं होतं, ते खोडलं. स्मेर्द्याकोवच्या कोऱ्या रकान्यात आत्याने तीन शब्द लिहिले. मला ते मान्य नाहीत. शेजारी पेन्सिलीने मी माझे लिहिले आहेत, आणि येत्या आषाढीला पुन्हा पोथी लावायची असं ठरलं आहे. या खेपेला काकाही येऊन बसणार आहेत.